हत्ता

कासच्या पठारावर फुलांत उभं राहून
वर ड्रोन उडवणार म्हणतोयस,
आणि अंगठी कंदी पेढ्यात.
उडव बाबा. फक्त पेढा तिनं आख्खा तोंडात टाकला
तर पुढं काय, ते ठरवून ठेव.

मामीला कुणी काही विचारलंच नसेल, असं तुला वाटतंय.
तुझ्या मामानं विचारलंय. सांगलीत,
हळदीच्या पेठेत, दुपारी साडेतीनला,
घामेजलेल्या टॉवेलाखाली.

हत्ता तुम्हाला माहीत नाही.
फडक्याखाली हात, हातात हात,
बोटांनी भाव. एक बोट धरलं तर शंभर की हजार,
ते मालाकडं बघून ज्याचं त्यानं समजायचं.
तोंडं मात्र अशी, जणू सगळे मयतीला आलेत.

त्या साली आमच्या अण्णांना टायफॉइड.
अडतीच्या गादीवर मी बसले, वही घेऊन.
पण पोरीच्या हातात हात कोण देणार?
सौदे काकाच करायचे.
मी नुसते आकडे उतरवायची.

भूपाल मगदूम तेव्हा एका पेढीचा खरेदीदार,
मिशी धड फुटलेली नाही.
राजापुरी हळकुंड मोडून वास घ्यायचा
आणि माझ्याकडं बघून भाव विसरायचा.
एकदा काका चहाला गेले.
कुणी न घेतलेली सात पोती पडून होती.
त्यांची बोली करू म्हणाला.
"कीड लागलीय," मी म्हणलं.
"दिसतंय की," म्हणाला,
आणि टॉवेल पसरला.

त्यानं पाचही बोटं धरली.
आणि धरूनच ठेवली.
असा भाव पेठेत नसतो.
वर पंखा कुरकुरत होता,
बाहेर हमाल बैलाला की मालकाला शिव्या देत होता.
मी अडत्याची पोर. पहिल्या बोलीला हो म्हणायचं नसतं,
हे दुधाबरोबर पाजलेलं.
मी एक बोट सोडवून घेतलं.
अंगठ्याशेजारचं.
चार तुझी. हे माझं.

तो जरा थांबला.
कुणी थांबत नाही रे. तो थांबला.
मग चारांवर हलकं दाबलं. सौदा पक्का.
ती किडकी सात पोतीही त्याला घ्यावी लागली.

वर्षभर ही गोष्ट मी हरिपूरच्या पेवात घातली.
मग घरच्यांनी घरच्यांसारखं ठरवलं
आणि आम्ही दोघांनी नवल वाटल्यासारखं केलं.
हळदीच्या दिवशी बायका वैतागल्या,
हिच्या हाताला रंग चढेना!
चढेल कसा? नखं आधीच पिवळी.

महाबळेश्वरची खोली ठरली होती,
पण सासूबाईंचा मोतीबिंदू नेमका तेव्हाच पिकला.
आमचा हनिमून मिरजेत,
दवाखान्यासमोरच्या लॉजवर.
दर चार तासांनी उठून त्यांच्या डोळ्यांत थेंब.
तिसऱ्या दिवशी तो मला सतारवाल्यांच्या गल्लीत घेऊन गेला.
छताला भोपळे टांगलेले, वाळत,
एक म्हातारा खुंटी पिळत बसलेला.
"त्या बोटाचं काय करणारेस?" त्यानं विचारलं.
खरं सांगू, मी काही ठरवलंच नव्हतं.
समोर बशीत नख्या होत्या, दीड रुपयाला.
एक घेतली.
सतार सहा वर्षांनी आली.
अजून धड वाजत नाही, शेजारचे सांगतील.
पण बोटावर वळ बघ, आहे की नाही.

आता हत्ता बंद. भाव पडद्यावर लागतात.
तुझा मामा पेठेत जातो, चहा पिऊन येतो.
रात्री वाकळेखाली मात्र
चार बोटं शोधतो, धरतो, झोपतो.
पाचवं बाहेर, गार पडतं.
परवा थंडी फार होती. मीच तेही आत सारलं.
लगेच अंधारात, खुशीत, घोगरा आवाज:
"भाव उतरला काय?"
"गप पड," म्हणलं.
"सकाळी परत घेणार आहे."